संगणकाला विसरायला शिकवताना

मोबाइलवर लहान मुलांचे खेळ शोधलेत तर पहिल्या काही नावांत जोड्यांचा खेळ असतोच. सगळे पत्ते उपडे. एका वेळी दोन उलटायचे. चित्रं जुळली तर पत्ते तुमचे, नाहीतर पुन्हा उपडे. संपले नियम. शाळेतल्या 'जोड्या लावा'चंच हे भावंडं. फरक एवढाच, की इथे प्रश्नही झाकलेला असतो.

याचा माग काढत गेलं की आपण जपानात पोचतो. तिथे 'काई-आवासे' नावाचा शिंपल्यांचा खेळ होता. शिंपल्याची दोन झाकणं फक्त एकमेकांनाच नेमकी बसतात, दुसऱ्या कुठल्याही शिंपल्याचं झाकण तिथे चालत नाही. आतून दोन्ही झाकणांवर एकच चित्र रंगवलेलं, पुष्कळदा 'गेंजीच्या कथे'तला प्रसंग. पूर्ण संचात ३६० शिंपले असत. बड्या घरच्या नवरीच्या रुखवतात या शिंपल्यांच्या रंगवलेल्या पेट्यांना मानाचं स्थान असे; एकाचीच जोडी एकाशी, हा अर्थ त्यामागे. मात्र तिथे कस लागायचा तो नजरेचा. बाहेरच्या रेषा पाहून जोडीदार ओळखायचा. आठवणीचं काम नंतर, छापील पत्त्यांच्या काळात वाढलं. साध्या पत्त्यांनी खेळायच्या या खेळाला जपानीत आजही जे नाव आहे त्याचा अर्थ होतो 'मज्जातंतूंचा अशक्तपणा'. खेळून बघा, पटेल.

इंग्लंडमध्ये याला 'पेल्मनिझम' म्हणू लागले. पेल्मन इन्स्टिट्यूट ही स्मरणशक्ती वाढवण्याचे टपाली धडे विकणारी संस्था. पहिल्या महायुद्धाच्या काळात तिच्या जाहिराती वर्तमानपत्रांत मोठमोठ्या जागा अडवत. 'मेंदूला चालना देणारं ॲप' ही कल्पना किती जुनी आहे बघा! पुढे १९५९ मध्ये जर्मनीतल्या रावेन्सबुर्गर कंपनीने चौकोनी चित्रांचा खोका 'मेमरी' या नावाने बाजारात आणला आणि हा खेळ कायमचा मुलांचा झाला.

मग आला संगणक. १९७८ मध्येच अटारीच्या टीव्हीला जोडायच्या यंत्रावर याची कॅसेट निघाली होती. पण मला जास्त आवडतो तो 'सुपर मारिओ ब्रदर्स ३'मधला (१९८८) छोटासा डाव. त्यात १८ पत्ते, पण मांडणी फक्त आठ प्रकारचीच. म्हणजे पहिले काही पत्ते उघडले की जाणकार पोरं मांडणी ओळखायची आणि उरलेले पत्ते धडाधड उचलायची. पिसलेल्या पत्त्यांचा डाव संपला की आठवणही संपते. इथे ती वर्षानुवर्षं उपयोगी पडायची.

तरी खरा बदल वेगळाच होता. समोरचा भिडू गेला. घरात चौघं खेळतात तेव्हा निम्मी माहिती दुसऱ्यांच्या चुकांतून मिळते. ३६ पत्त्यांत पहिल्याच खेळीत जोडी लागायची शक्यता ३५ मध्ये एक. म्हणजे डाव सुरू करणारा बहुतेक वेळा पुढच्याचीच सोय करून देतो. एकट्याने, घड्याळ लावून खेळताना हे सगळं नाहीसं होतं.

बरं, भिडू म्हणून संगणकालाच बसवावं, तर तो काहीच विसरत नाही. उरी झ्विक आणि माइक पॅटरसन या संगणकशास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये याचंच गणित मांडलं: दोघांचीही स्मृती परिपूर्ण असेल तर उत्तम खेळ कोणता? उत्तर गमतीचं निघालं. काही वेळा मुद्दाम आधी पाहिलेलाच पत्ता उलटावा, म्हणजे समोरच्याला नवं काही कळत नाही. कुणीच विसरत नसेल तर आठवणीचा खेळ माहिती दडवण्याचा होतो. मला हे वाचून जरा थंडच वाटलं.

म्हणून भाचीसाठी हा खेळ लिहायला बसलो तेव्हा पत्ते पिसण्याचा भाग दहा ओळींत उरकला, वेळ गेला तो विसरण्यात. सगळं लक्षात ठेवायला एक यादी पुरते. विसरायचं कसं? मी ठरवलं, यंत्राला शेवटचे पाचच पत्ते आठवतील. सहावा उघडला की सर्वांत जुना पुसायचा. त्यातही मधूनमधून शेजारच्याच पत्त्यावर बोट पडावं, कारण माणसं पत्ता विसरतात पण परिसर विसरत नाहीत.

आता तीन डावांपैकी दोन ती जिंकते आणि यंत्राला 'ढ' म्हणते. तिच्या आईचं म्हणणं, ही लबाडी आहे, तिला सांगून टाक. आमच्या आजोबांना आमच्याबरोबर खेळताना बदामची राणी कधीच सापडायची नाही, त्याला कुणी लबाडी म्हटलं नव्हतं. यावर ताई म्हणाली, आजोबा समोर बसलेले असायचे.

आकडा अजून पाचच आहे.