'फ्रॉम अ डिस्टन्स' : ज्युली गोल्ड आणि एका गीताचा प्रवास

ज्युली गोल्ड या अमेरिकन गीतकार व संगीतकार होत. 'फ्रॉम अ डिस्टन्स' (अर्थात 'दुरून') हे त्यांचे इंग्रजी गीत १९८५ सालचे. ते लिहिले गेले तेव्हा त्या न्यूयॉर्कमध्ये एच.बी.ओ. या दूरचित्रवाणी कंपनीत सेक्रेटरी होत्या. पुढे याच गीताने त्यांना १९९१ सालचा 'साँग ऑफ द इयर' हा ग्रॅमी पुरस्कार मिळवून दिला. हे गीत जितके गायिले गेले तितकीच त्यावर चर्चाही झाली. कारण देव आपणांस दुरून पाहत आहे, असे त्याचे धृपद सांगते. गीताची जन्मकथा आणि त्यातील देवविषयक विचार या दोहोंचा परिचय येथे करून देत आहोत.

पार्श्वभूमी

फिलाडेल्फियाच्या परिसरात वाढलेल्या ज्युली गोल्ड यांनी तेथील टेंपल विद्यापीठात शिक्षण घेतले आणि गीतलेखन हेच जीवितकार्य मानून त्या न्यूयॉर्कला आल्या. त्या महानगरात नाव मिळवू पाहणाऱ्या कलावंतांची उणीव कधीच नसते. चरितार्थासाठी त्यांना निरनिराळी कामे करावी लागली. दिवसा कार्यालयात टंकलेखन व दूरध्वनी, सायंकाळी लहानशा मंचांवर गायन आणि उरलेल्या वेळात गीतलेखन, असा त्यांचा क्रम होता. अनेक वर्षे लोटली, तरी गाण्यांवर पोट भरेल अशी चिन्हे दिसत नव्हती.

गीताचा जन्म

तिसाव्या वाढदिवसाची भेट म्हणून त्यांच्या आईवडिलांनी एक अनमोल वस्तू पाठविली. बालपणी ज्यावर त्या वाजवावयास शिकल्या होत्या, तो घरचा पियानो त्यांनी मुलीच्या न्यूयॉर्कमधील बिऱ्हाडी पोहोचता केला. ज्युली गोल्ड यांनी ही हकिगत अनेकदा सांगितली आहे. दिवस कडाक्याच्या थंडीचे होते. पियानो खोलीच्या उबेत स्थिरावेपर्यंत एक दिवस वाजवू नये, असे त्यांना सांगण्यात आले. म्हणून त्या दिवशी त्यांनी त्याला नुसते पुसले, कवटाळले. आणि दुसऱ्या दिवशी त्यासमोर बसून 'फ्रॉम अ डिस्टन्स' लिहिले.

'दुरून डोंगर साजरे' ही आपली म्हण सर्वांस ठाऊक आहे. या गीताचा गाभा तिच्याशी जुळणारा आहे. दुरून पाहिले असता पृथ्वी सुंदर व शांत दिसते. भूक, रोग व शस्त्रे यांचा मागमूस लागत नाही. शत्रूदेखील मित्रच वाटतो, आणि मग हे युद्ध कशासाठी, असा प्रश्न पडतो. म्हण आपणांस फसगतीपासून सावध करते. गीत मात्र त्या दुरून दिसणाऱ्या चित्राकडे जगाची आशा म्हणून पाहते.

एका हातातून दुसऱ्या हातात

गीत तयार झाले. परंतु ते जगापुढे यावयास आणखी दोन वर्षे जावी लागली. ज्युली यांची मैत्रीण, गायिका-गीतकार क्रिस्टीन लॅविन यांनी ते टेक्सासच्या गायिका नॅन्सी ग्रिफिथ यांच्यापर्यंत पोहोचविले. ग्रिफिथ यांनी १९८७ साली आपल्या 'लोन स्टार स्टेट ऑफ माइंड' या संग्रहात ते प्रथम ध्वनिमुद्रित केले. आयर्लंडमध्ये ते विशेष लोकप्रिय झाले. २०२१ साली निधन पावलेल्या ग्रिफिथ यांनी ज्युली गोल्ड यांची इतरही गीते गायिली.

१९९० साली जूडी कॉलिन्स, क्लिफ रिचर्ड आदी गायकांचीही ध्वनिमुद्रणे आली. त्याच वर्षी बेट मिडलर यांनी 'सम पीपल्स लाइव्ह्ज' या संग्रहासाठी गायिलेले गीत बिलबोर्डच्या मुख्य सूचीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले.

हा काळही ध्यानात घ्यावयास हवा. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेतवर आक्रमण केले होते आणि हजारो अमेरिकन सैनिक आखाताकडे रवाना होत होते. दूर गेलेल्या आपल्या माणसांसाठी अनेक कुटुंबे आकाशवाणीवर हे गीत ऐकत होती. २० फेब्रुवारी १९९१ रोजी न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये ग्रॅमी पुरस्कार प्रदान झाले, तेव्हा आखाती युद्ध सुरूच होते. युद्ध कशासाठी, असे विचारणारे गीत ऐन युद्धाच्या दिवसांत सन्मानित झाले.

'साँग ऑफ द इयर' हा पुरस्कार गायकाला नव्हे, तर गीताच्या रचनाकाराला दिला जातो. तसेच, अमेरिकेत आकाशवाणीवर गीत वाजले की मानधन त्याच्या रचनाकाराला मिळते. त्यामुळे दुसऱ्याच्या कंठातून प्रसिद्ध झालेले गीतही लिहिणाऱ्याचा संसार उभा करू शकते. ज्युली गोल्ड यांच्या बाबतीत नेमके तेच घडले.

देव दूर आहे काय?

काही श्रद्धावंतांना या गीताचे धृपद खटकले. जग निर्माण करून दूर जाऊन बसलेला, केवळ पाहणारा देव हा बायबलचा देव नव्हे, असा त्यांचा आक्षेप होता. आक्षेपाचा पाया योग्य आहे. अथेन्समधील लोकांशी बोलताना संत पौलाने देव आपणांपैकी कोणापासूनही दूर नाही, हेच सांगितले (प्रेषितांची कृत्ये, अध्याय १७), आणि ख्रिस्तजन्माचा 'इम्मानुएल' हा शब्दही त्याच सत्याचा उच्चार करतो.

तथापि, स्वतः ज्युली गोल्ड यांचे मत जाणून घेणे न्यायाचे ठरेल. देव सृष्टीत वास करणारा व कल्याणकारी आहे, अशी आपली श्रद्धा असल्याचे त्यांनी सांगितले आहे. वस्तू कशा दिसतात आणि प्रत्यक्षात कशा असतात यांतील अंतर हा गीताचा विषय आहे, असेही त्यांनी स्पष्ट केले आहे. त्या दृष्टीने पाहता अंतर आहे ते आपल्या पाहण्यात, देवाच्या सान्निध्यात नव्हे.

गीताचा प्रवासही हीच साक्ष देतो. 'दुरून' हे नाव धारण करणारे हे गीत जगापर्यंत पोहोचले ते मात्र जवळच्या माणसांमुळे. मुलगी तिशीला आली तरी तिचे स्वप्न खुळेपणाचे न मानता घरचा पियानो तिच्याकडे पाठविणारे आईवडील, मैत्रिणीचे गीत पुढे नेणारी मैत्रीण आणि एका अप्रसिद्ध गीतकाराच्या रचनेला आपला आवाज देणारी गायिका, हे या कथेतील सहप्रवासी आहेत. आपल्याही घरात किंवा धर्मग्रामात कोणी मूकपणे लिहीत असेल, गात असेल. त्याच्या गुणांची पारख दुरून होत नाही. त्यासाठी जवळ जाऊन ऐकावे लागते.