हवेतील शिक्का

कागदी हुकमावर सही असते, शिक्का असतो. बिनतारी यंत्राच्या कडकट्टाला यांतले काहीच नसते. मग पलीकडे आपलाच माणूस आहे, हे ओळखावे कशावरून? दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या मुलखात हेर उतरविणाऱ्या लंडनच्या खात्याने यावर तोड काढली. बिनतारीवाल्याने संदेशात ठरलेल्या जागी मुद्दाम चूक करावयाची. संदेश निर्दोष आला, की समजावे, गडी पकडला गेला!

युक्ती नामी खरी. ह्यूब लाउवर्स हा डच बिनतारीवाला ६ मार्च १९४२ रोजी हेग शहरात जर्मनांच्या हाती सापडला. गिस्केस नावाच्या अधिकाऱ्याने त्याला लंडनशी बोलणे चालू ठेवावयास लावले. दर सोळाव्या अक्षराला चूक करावी, ही त्याची खूण. जर्मनांना त्याने भलतीच खूण सांगितली आणि खरी गाळली. लंडन आता सावध होईल, अशी त्याची खात्री होती.

पण संदेश वाटेत नेहमीच बिघडत. गाळलेली खूण ही त्यांतलीच एक गफलत, असे तिथल्या साहेबांनी मानले आणि जर्मन सांगतील तेथे नवे हेर उतरविले. आम्हांस नवल वाटते ते जर्मनांच्या चतुराईपेक्षा या भाबडेपणाचे. पन्नासाहून अधिक माणसे अशी अलगद सापडली. त्यांतले दोघे ऑगस्ट १९४३ मध्ये तुरुंगातून निसटले व मजल दरमजल करीत लंडनला पोचले. तोवर 'ते फितूर आहेत' असा संदेश जर्मनांनी त्याच यंत्रांवरून धाडला होता. लंडनने त्या दोघांनाच कोठडीत घातले. मागे राहिलेल्यांपैकी बहुतेकांना सप्टेंबर १९४४ मध्ये माउटहाउसेनच्या छावणीत ठार करण्यात आले.