जुनेपणाची साक्ष कोण देते?

काही वर्षांपूर्वी आमच्या एका सहकाऱ्यांनी जुन्या बाजारातून भिंतीवरचे लंबकाचे घड्याळ विकत आणले. सागवानी पेटी, पिवळट पडलेली तबकडी आणि दुकानदाराने सांगितलेले वय शंभर वर्षे! घड्याळ मधूनच बंद पडे, म्हणून आम्ही दोघांनी मिळून त्याचे यंत्र पेटीतून बाहेर काढले. यंत्रामागच्या फळीवर स्क्रूंची आठ भोके दिसली. त्यांपैकी चार भोकांत यंत्राचे स्क्रू बसले होते. उरलेली चार रिकामी होती आणि या यंत्राच्या कोणत्याही छिद्राशी जुळत नव्हती. अर्थ उघड होता. या पेटीत पूर्वी दुसरेच यंत्र होते. पेटी जुनी होती, यंत्रही जुने होते; पण त्यांची गाठ नंतर कधीतरी पडली होती. इंग्लंडमधील घड्याळांचे व्यापारी अशा जोडीला 'लग्न' म्हणतात. आमच्या सहकाऱ्यांनी मात्र मूळ जोडीची किंमत मोजली होती.

एखादी वस्तू किती जुनी आहे, तिचा कोणता भाग मूळचा आणि कोणता नंतरचा, हा प्रश्न वरवर पाहता व्यापाऱ्यांचा आणि हौशी संग्राहकांचा वाटतो. पण त्याचे उत्तर शोधण्याची रीत शास्त्राचीच आहे. ही रीत सोडली की जाणकारही कसे फसतात, याचे एक प्रसिद्ध उदाहरण आपण पाहू.

एका खुर्चीची गोष्ट

१६२० मध्ये 'मेफ्लॉवर' या जहाजातून इंग्रजांचा एक गट अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरला. विल्यम ब्रूस्टर हे त्यांचे एक पुढारी होते. त्यांच्या नावाने ओळखली जाणारी एक भव्य खुर्ची प्लिमथ गावच्या पिल्ग्रिम हॉल संग्रहालयात आहे. लेथवर कातलेले जाड खांब आणि पाठीला, हातांखाली व बैठकीखाली ओळीने बसवलेल्या कातीव दांड्या, असे तिचे रूप आहे. याच घडणीची एक खुर्ची न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातही आहे. अशी आणखी एखादी खुर्ची सापडणे म्हणजे अमेरिकन इतिहासकारांच्या दृष्टीने मोठेच घबाड.

१९७० मध्ये मिशिगन राज्यातील डिअरबॉर्न येथील हेन्री फोर्ड संग्रहालयाला अशी खुर्ची मिळाली. रंगाचे पापुद्रे निघालेले, काही दांड्या गहाळ, लाकूड झिजलेले. संग्रहालयाने ती ९,००० डॉलरना विकत घेतली. पुढे १९७७ मध्ये बातमी फुटली, की ही खुर्ची ऱ्होड आयलंड राज्यातील शिल्पकार आर्मंड लामाँटेन यांनी १९६९ मध्ये, म्हणजे खरेदीच्या अवघे एक वर्ष आधी, स्वतः बनवली होती! तज्ज्ञांनाही चकवता येते हे त्यांना दाखवून द्यायचे होते. त्यांनी नव्या लाकडावर रसायनांचे आणि धुराचे प्रयोग केले, रंगाचे थर दिले, काही दांड्या काढून टाकल्या आणि खुर्ची एका ओळखीच्या माणसाकडे दिली. तेथून ती हस्ते-परहस्ते संग्रहालयात पोचली.

शिल्पकाराचे म्हणणे खरे कशावरून? संग्रहालयाने खुर्चीचे क्ष-किरण चित्र घेतले. दांड्या ज्या भोकांत बसवल्या होत्या त्या भोकांचे तळ आता दिसू लागले. सतराव्या शतकातील सुताराच्या गिरमिटाचे पाते पळीच्या टोकासारखे असे, त्यामुळे भोकाचा तळ गोलसर होई. आधुनिक गिरमिटाच्या पात्याला मध्यभागी अणकुचीदार टोक असते. ते तळाशी खोलगट टोकदार खूण सोडते. या खुर्चीतील भोकांना आधुनिक टोक होते. लामाँटेन यांनी आधुनिक पाते मुद्दामच वापरले होते. पुढे कधी वेळ आली तर खुर्ची आपली आहे हे सिद्ध करता यावे, हा त्यांचा हेतू.

येथे क्षणभर थांबून विचार करायला हवा. समजा, त्यांनी जुन्या घाटाचे पाते वापरले असते तर? क्ष-किरण चित्रात काहीच वावगे दिसले नसते. म्हणजे ही चोरी शास्त्राने स्वतःहून पकडली नाही; चोराने ठेवलेली किल्ली शास्त्राने फक्त कुलुपाला लावून पाहिली. मग चूक कोठे झाली? परीक्षकांनी रंग, झीज, मोडतोड या खुणा पाहिल्या. या खुणा जुन्या वस्तूवर असतात हे खरे. पण त्या असतात हे नक्कल करणाऱ्यालाही ठाऊक असते, आणि त्या डोळ्यांसमोर असल्याने घडवताही येतात. परीक्षकांनी 'ही खुर्ची जुनी असेल तर काय दिसेल?' एवढेच विचारले. 'ही नवी असेल तर ते कोठे उघडे पडेल?' हा दुसरा प्रश्न वेळेवर विचारला गेला नाही.

लाकूड काय सांगते?

हा दुसरा प्रश्न विचारायचा तर वस्तूच्या न दिसणाऱ्या बाजूकडे जावे लागते. म्हणून अनुभवी परीक्षक कपाटाचे नक्षीदार दार आधी पाहत नाही. तो खण बाहेर ओढून उलटा करतो आणि पाठीमागची फळी पाहतो. तेथे कारागिराने रंधा मारून सफाई केलेली नसते, त्यामुळे हत्यारांच्या खुणा जशाच्या तशा राहतात. हाताच्या करवतीने कापलेल्या फळीवर सरळ पण थोड्या वेड्यावाकड्या, असमान अंतराच्या रेषा दिसतात. गोल फिरणाऱ्या करवतीच्या खुणा कमानीसारख्या वक्र असतात. ही करवत एकोणिसाव्या शतकात सर्वत्र पसरली. तेव्हा 'सतराव्या शतकातील' कपाटाच्या मूळ फळीवर वक्र रेषा दिसल्या तर शंका घेतलीच पाहिजे.

स्क्रूची साक्षही अशीच. हाताने कानशीने घासून केलेल्या जुन्या स्क्रूचे आटे असमान असतात, डोक्यावरची खाच बहुधा मध्यावर नसते आणि टोक बोथट असते. टोकदार स्क्रू यंत्रावर मोठ्या प्रमाणात तयार होऊ लागले ते १८४० नंतर. अधिक चिन्हाच्या खाचेचा स्क्रू तर १९३० च्या दशकात प्रचारात आला. मग दोनशे वर्षांच्या मेजात असा स्क्रू सापडला तर मेज खोटे का? तसे म्हणण्याची घाई करू नये. बिजागरी कोणी नंतर बदलली असेल. अशा वेळी शेजारी जुन्या स्क्रूचे रिकामे किंवा बुजवलेले भोक आहे का, हे पाहावे. असेल तर ती दुरुस्ती. नसेल आणि तो स्क्रू मूळ सांध्यातच असेल, तर मात्र मेजाचे वय पुन्हा तपासावे लागेल.

तिसरी साक्ष लाकडाच्या आकुंचनाची. झाड तोडल्यानंतर लाकडातील पाणी हवेत निघून जाते आणि पेशींच्या भिंती आक्रसतात. पण हे आकुंचन सर्व दिशांनी सारखे नसते. तंतूंच्या दिशेने, म्हणजे खोडाच्या लांबीच्या दिशेने, ते जवळजवळ नसतेच. तंतूंना आडवे मात्र ते चांगले जाणवते, आणि त्यातही वर्षवलयांच्या कडेने होणारे आकुंचन गाभ्याकडून सालीकडे होणाऱ्या आकुंचनाच्या सुमारे दुप्पट असते. त्यामुळे अखंड फळ्यांतून गोल कापलेले मेजाचे पान कालांतराने किंचित लंबगोल होते. लेथवर कातलेला खांबही लंबगोल होतो. कॅलिपरने दोन दिशांना माप घेतले की फरक कळतो.

पण लंबगोलपणा म्हणजे प्राचीनत्व, असेही समीकरण मांडता येत नाही. ओल्या लाकडातून कातलेला खांब थोड्याच काळात सुकून लंबगोल होतो. म्हणून जुना म्हणवणारा खांब अगदी अचूक वर्तुळाकार निघाला तर संशय बळावतो. लंबगोल निघाला तर फक्त एक आक्षेप दूर होतो. परीक्षेत नापास होणे आणि परीक्षेत पास होणे यांचे वजन सारखे नसते. प्रयोगशाळेतही आपला अनुभव हाच असतो.

घड्याळातील रिकामी भोके

आता पुन्हा घड्याळाकडे वळू. १६५६ मध्ये हॉलंडच्या ख्रिस्तियान हायगेन्सने लंबकाचे घड्याळ सिद्ध केले. त्यापूर्वीची घड्याळे मागेपुढे डोलणाऱ्या चक्रावर किंवा आडव्या दांडीवर चालत, आणि दिवसाला पंधरा मिनिटे चुकणे त्यांना सहज शक्य होते. लंबकाने ही चूक सेकंदांवर आणली. १६५८ पर्यंत लंडनमध्ये अहास्युरस फ्रोमँटील हा कारागीर लंबकाच्या घड्याळांची जाहिरात करू लागला होता. साहजिकच ज्यांच्याकडे जुनी घड्याळे होती त्यांनी ती टाकून न देता त्यांतील चक्र काढून लंबक बसवून घेतले. पितळी कंदिलाच्या आकाराची इंग्रजी घरगुती घड्याळे बहुसंख्येने अशी बदलली गेली. त्यांच्या पट्ट्यांवर मूळ चक्राच्या आधाराची भोके आजही रिकामी दिसतात.

ही रिकामी भोके घड्याळाचे दूषण नाहीत, तो त्याचा इतिहास आहे. उलट, अशा घड्याळात चक्र 'मूळचे' म्हणून बसलेले दिसले तर परीक्षक सावध होतो, कारण नंतरच्या काळात हौशी दुरुस्तीकारांनी लंबक काढून पुन्हा चक्रे बसवली आहेत. इंग्लंडमधील सॉल्सबरी कॅथीड्रलचे प्रसिद्ध घड्याळही याच मार्गाने गेले. १९२८ मध्ये ते मनोऱ्यात आढळले तेव्हा त्याला लंबक होता. १९५६ मध्ये तो काढून डोलणारी दांडी बसवण्यात आली. मूळ भाग शिल्लक नसल्याने ती अंदाजाने घडवावी लागली. घड्याळाचे वय १३८६ सालचे सांगतात, कारण त्या वर्षीच्या एका दस्तऐवजात तेथील घड्याळाचा उल्लेख आहे. पण दस्तऐवजातले घड्याळ आणि आजचे घड्याळ एकच का, यावर जाणकारांचे एकमत नाही. कागद खरा असला तरी तो याच वस्तूचा आहे हे वेगळे सिद्ध करावे लागते.

उभ्या पेटीच्या मोठ्या घड्याळात आणखी काही जागा पाहतात. चावी देण्याची भोके तबकडीवर बुजवून दुसरीकडे पाडली आहेत का? यंत्र ज्या फळीवर बसते तिच्याखाली उंची वाढवण्यासाठी नवे ठोकळे घातले आहेत का? वजने आणि लंबक वर्षानुवर्षे जेथे घासले तेथील पेटीच्या आतले ओरखडे आताच्या वजनांच्या जागेशी जुळतात का? तबकडीवरच्या नावावर मात्र भिस्त ठेवू नये. पितळेवर नाव कोणत्याही काळात कोरता येते. शिवाय अनेकदा ते घडवणाऱ्याचे नसून विकणाऱ्याचे असते.

आपल्याकडे याचे महत्त्व

आपल्याकडे मुंबईत एकोणिसाव्या शतकात नक्षीदार शिसवी सामान मोठ्या प्रमाणात घडले. वाड्यांतून सागवानी कपाटे, पेटारे आणि परदेशी घड्याळे होती. वाडे पडले तसे हे सामान बाजारात आले. १९७२ च्या पुरावशेषविषयक केंद्रीय कायद्यात शंभर वर्षांची मर्यादा आहे; त्यात बसणाऱ्या वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. तेव्हा वय ठरवणे ही केवळ किमतीची बाब नाही. चुकीचे वय मान्य झाले तर बनावट वस्तू संग्रहालयात जाऊन बसते, किंवा खरी वस्तू 'नवी' म्हणून देशाबाहेर जाते. दोन्ही प्रकारांत इतिहासाचे एक पान कायमचे बिघडते.

वर्गात करून पाहण्याजोगा एक प्रयोग सुचवतो. मुलांना घरून अखंड लाकडाचे जुने पोळपाट आणायला सांगा. तंतूंच्या दिशेने आणि तंतूंना आडवा, असे दोन व्यास मिलिमीटरपर्यंत मोजा. एखाद्या नव्या पोळपाटाचेही माप घ्या, कारण पोळपाट मुळातच नीट गोल नसेल तर जुन्याचा दोष काळावर घालता येणार नाही. प्रत्येक पोळपाटाचे घरच्यांनी सांगितलेले वय मापाशेजारी लिहा. सर्व मापे एका दिशेने झुकतात का? न झुकल्यास का नाही? मुले यावर भांडतील, भांडू द्यावे.

राहता राहिली ती खुर्ची. हेन्री फोर्ड संग्रहालयाने ती जाळली नाही की तळघरात दडवली नाही. बनावट वस्तू कशा ओळखाव्यात हे शिकवण्यासाठी त्यांनी ती ठेवून घेतली. आमच्या सहकाऱ्यांनीही घड्याळ परत केले नाही. यंत्रातील झिजलेल्या छिद्रांत पितळी बुशी बसवल्यावर ते पुन्हा टोले देऊ लागले. पेटीच्या आत त्यांनी एक चिठ्ठी चिकटवली आहे: यंत्र आणि पेटी मूळची एकत्र नाहीत, दुरुस्ती अमुक वर्षी केली. पुढे हे घड्याळ ज्याच्या हाती जाईल, त्याला निदान तेवढे तरी नव्याने शोधावे लागणार नाही.