तांबे, मेंढी आणि तान्हे मूल



सत्तरच्या दशकातील माझ्या लहानपणी कल्हईवाला आला की आम्ही पोरे त्याच्या भात्याभोवती गोळा होत असू. नवसागराचा धूर उठे, कथील वितळे आणि काळवंडलेले पितळी पातेले रुप्यासारखे चकाके. त्या कल्हईत लेकरांचे प्राण गुंतले आहेत, हे आम्हांला कुठे ठाऊक होते!

रक्त बनण्यासाठी शरीराला तांबे हवे, पण लेशमात्र. तो लेश किती, हे मात्र प्राण्यागणिक बदलते. 1955 च्या सुमारास इंग्लंडात डुकरांच्या खाद्यात तांबे घालून त्यांची वाढ साधली गेली. तेच खाद्य मेंढीचा जीव घेते. कारण जादा तांबे पित्तावाटे टाकण्याची तिची शक्ती तोकडी, ते यकृतात साठत जाते. उलट, सॉमरसेटच्या काही कुरणांत गाई खंगत, घोडे मात्र धडधाकट राहत. तेथील गवतात मॉलिब्डेनम फार असल्याचे 1938 साली उघड झाले. ते गाईला तांबे मिळू देत नाही. पुढे मोरचूद देऊन त्या गाई बऱ्या करण्यात आल्या.

आता माणसाकडे वळू. 1887 साली कलकत्त्याचे डॉ. सेन यांनी तान्ह्यांच्या एका यकृतविकाराची नोंद केली. पोट फुगे, यकृत टणक होई, कावीळ चढे आणि मूल दगावे; कधी त्याच घरातले दुसरेही जाई. 1979 साली अशा मुलांच्या यकृतात तांब्याचा प्रचंड साठा आढळला. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि इंग्लंडचे डॉ. टॅनर यांनी मग स्वयंपाकघराकडे नजर वळवली. या मुलांना फार लवकर वरचे दूध सुरू झाले होते, आणि ते तापवले जाई कल्हई नसलेल्या तांब्यापितळेच्या भांड्यात! दुधातील प्रथिन तांबे धरून ठेवते. तान्ह्याचे यकृत ते बाहेर टाकू शकत नाही. घरातल्या मोठ्यांना त्याच भांड्याने काही होत नसे.

ऑस्ट्रियातील टिरोल प्रांतातही 1900 ते 1974 या काळात 138 मुले अशाच रोगाने गेली. काही तज्ज्ञ यात वंशदोषाचाही वाटा मानतात. पण दोन्हीकडे भांडी बदलली आणि रोग ओसरला.

कामगार चळवळीत मी एक उत्तर वारंवार ऐकले आहे : “धडधाकट माणसाला एवढ्याने काही होत नाही.” खापरखेड्याच्या राखेधुळीत राहणाऱ्या आपण त्यावर एवढेच विचारावे : आणि पाळण्यातल्याला? मर्यादा आखायची ती सर्वांत नाजूक देहाकडे पाहून.