रद्दी, रूळ आणि निर्माल्य

"यंदा स्मरणिकेसाठी काहीतरी लिहाच" असा आपल्या चिटणीसांचा आग्रह झाला म्हणून हे धाडस. मी लेखक नव्हे. डिप्लोमा करून रेल्वेच्या रूळमार्ग खात्यात लागलो आणि बदल्या होत होत झाशीला आलो. आमच्या खात्यात 'टाकाऊ' हा शब्द जरा जपूनच वापरतात. मेन लाइनवरून काढलेला रूळ तपासून लूप लाइनला किंवा यार्डात घालतात, तिथेही झिजला तर तो कुंपणाचा खांब होतो आणि अखेर लिलावात भंगार म्हणून भट्टीत जातो. यालाच हल्ली 'चक्रीय अर्थव्यवस्था' असे भारदस्त नाव मिळाले आहे!

हे चक्र शहरात कोणाच्या हातांनी फिरते, हे मात्र मला फार उशिरा कळले. माझे बालपण पुण्यात गेले. कचरापेटीशी वाकलेल्या बायका रोज दिसत. "त्यांच्या जवळ जाऊ नकोस" एवढेच घरातून सांगितलेले.

१९९०च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून काही कार्यकर्त्या कचरा वेचणाऱ्यांपर्यंत पोहोचल्या. पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण ही त्यांतली दोन नावे. अक्षरे शिकवता शिकवता त्या वस्तीतल्या बायकांबरोबर कचरा वेचायलाही गेल्या. पेटीतून चिवडून काढलेल्या ओल्या कागदाला भाव नाही, पण तोच कागद घराच्या दारात कोरडा आणि वेगळा मिळाला तर चार पैसे जास्त येतात आणि हातही कापत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आले. मग सोसायट्यांना ओला-सुका वेगळा ठेवायची विनंती झाली, घडी बसू लागली. तेवढ्यात एक व्यावसायिक गाडी घेऊन तोच कचरा उचलायला आला! बायकांनी विरोध केला. पुढे १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने मेळावा भरला आणि 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना उभी राहिली. मी तेव्हा सातवीत होतो, शाळा त्याच शहरात होती, पण यातले अक्षरही माझ्या कानावर आले नाही.

त्याच दशकात पुणे महानगरपालिकेची मान्यता असलेली ओळखपत्रे या बायकांना मिळाली. आपण गळ्यात रेल्वेचे कार्ड अडकवून फिरतो, आपल्याला त्याचे मोल वाटत नाही. पाठीवर पोते दिसले की चोरीचा संशय घेतला जाई, त्यांच्यासाठी ते कार्ड केवढे असेल! २००० सालच्या घनकचरा नियमांत घरोघरी जाऊन कचरा गोळा करण्याची तरतूद आली, आणि २००८ साली याच कष्टकऱ्यांच्या 'स्वच्छ' सहकारी संस्थेशी महापालिकेने करार केला. घरटी ठरलेले मासिक शुल्क आणि सुक्या कचऱ्याच्या विक्रीचे पैसे, असे दोन्ही वेचकांचे.

विसर्जनाच्या दिवशी याच बायका पुण्याच्या घाटांवर निर्माल्य वेगळे घेतात, शेजारी कॉलेजची मुलेमुली स्वयंसेवक म्हणून उभी असतात. फुलांचे खत होते. अलीकडे शाडूच्या मूर्तींची भिजलेली मातीसुद्धा गोळा करून मूर्तिकारांकडे परत जाते.

आपल्या कॉलनीतही गेल्या वर्षी पोरांनी मंडपामागे खड्डा खणला. पहिल्या दोन दिवसांत प्लॅस्टिकच्या पिशव्या, अगरबत्तीची वेष्टने, थर्माकोल, सगळे त्यात पडले आणि वास सुटला. (दुर्गंधीची पहिली तक्रार माझ्याच घरातून गेली, हे कबूल करतो.) तेव्हा रोज भंगार वेचायला येणाऱ्या चाचींना मुलांनी बोलावले. त्यांनी अर्ध्या तासात तीन ढीग करून दाखवले, आणि हाराचा दोरा आधी काढायचा असतो हेही शिकवले. दिवाळीनंतर ते खत बालोद्यानातल्या जास्वंदीला घातले.

महाप्रसादाच्या दिवशी चाचींना पंगतीत बसवायचे कोणाला सुचले नाही. डबा भरून फाटकावर दिला. यंदाची निमंत्रणपत्रिका त्यांच्या घरी माझा मुलगा स्वतः देऊन आला आहे.