हिवाळ्यातील अळंबी आणि बीजाणूंचा रंग

१/ अळंबी म्हटली की आपल्यासमोर पावसाळ्यातले रान उभे राहते. युरोपात मात्र नारिंगी, चकचकीत छत्रीची एक अळंबी ऐन हिवाळ्यात, एल्मसारख्या वृक्षांच्या वठलेल्या खोडांवर झुबक्याने उगवते. ती थंडीत गोठते आणि बर्फ वितळताच पुन्हा वाढू लागते. ती ओळखण्याच्या शास्त्राचा हा इतिहास. #थ्रेड

२/ १७८२ मध्ये लंडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम कर्टिस यांनी तिला ‘अ‍ॅगॅरिकस व्हेल्युटिपीस’ हे नाव दिले. ‘व्हेल्युटिपीस’ म्हणजे मखमली पायाची. तिच्या देठाचा खालचा भाग गडद तपकिरी आणि मखमलीसारखा असतो. नावातच ओळखीची खूण होती.

३/ परंतु एका खुणेने भागण्यासारखे नव्हते. छत्रीखाली पट्टिका असलेल्या असंख्य अळंब्या तेव्हा ‘अ‍ॅगॅरिकस’ या एकाच नावाखाली कोंबलेल्या होत्या.

४/ या गर्दीत शिस्त आणली स्वीडनच्या एलियास फ्रीस यांनी. ‘सिस्टेमा मायकोलॉजिकम’च्या १८२१ च्या पहिल्या खंडात त्यांनी या अळंब्यांचे गट बीजाणूंच्या रंगानुसार पाडले. छत्रीचा रंग वयाने आणि पावसाने पालटतो. बीजाणूंचा रंग त्या मानाने स्थिर राहतो.

५/ हा केवळ वर्गीकरणाचा प्रश्न नाही. ‘गॅलेरिना मार्जिनाटा’ ही तपकिरी अळंबीही कुजक्या लाकडावरच उगवते आणि सौम्य हिवाळ्यात टिकून राहते. तिच्यातील अ‍ॅमाटॉक्सिन यकृत निकामी करते. लक्षणे अनेक तासांनी दिसतात. तोवर विष भिनलेले असते.

६/ गॅलेरिनाच्या देठावर कडे असते, पण ते गळूनही पडते. म्हणून छत्री कापून, पट्टिका खाली करून, अर्ध्या पांढऱ्या व अर्ध्या काळ्या कागदावर रात्रभर झाकून ठेवतात. पांढरा ठसा मखमली देठवालीचा. गंजासारखा तपकिरी गॅलेरिनाचा. दोन्ही एकाच खोडावर उगवू शकतात, त्यामुळे एका छत्रीचा ठसा साऱ्या झुबक्याची हमी देत नाही. शिवाय पांढऱ्या बीजाणूंच्या विषारी अळंब्याही आहेत. निव्वळ ठशावर विसंबून कोणतीही अळंबी खाऊ नये.

७/ कर्टिस यांची अळंबी १९५१ पासून ‘फ्लॅम्युलिना’ म्हणवते. आशियात लागवड होणारी तिची बहीण एनोकी ही वेगळी जात असल्याचे २०१८ मध्ये मांडले गेले. नावे बदलत राहिली. फ्रीस यांनी ग्रंथातली गर्दी आवरण्यासाठी वापरलेली कसोटी मात्र दोनशे वर्षांनंतरही, गारठलेल्या रानात टोपली घेऊन फिरणाऱ्याचा जीव राखते आहे.