गर्भावस्थेतील अतिवमन
(हायपरइमेसिस ग्रॅव्हिडारम). गरोदरपणातील तीव्र व सततच्या उलट्यांचा विकार. घोटभर पाणीही पोटात ठरत नाही, लघवी कमी व गडद होते आणि वजन बहुधा ५ टक्क्यांहून अधिक घटते. मुख्यतः वारेतून स्रवणारे जीडीएफ-१५ हे संप्रेरक यामागे असल्याचे २०२३ मधील संशोधनातून दिसले. गर्भधारणेपूर्वी ते रक्तात कमी असलेल्यांना त्रासाचा धोका जास्त. डॉक्सिलामाइन-पायरिडॉक्सिन या गोळ्या, गरजेनुसार ऑनडान्सेट्रॉन व सलाईन देतात. ग्लुकोज चढवण्याआधी थायमिन (ब-१) देतात. त्याच्या अभावी मेंदूला इजा होऊ शकते. सौम्य त्रासात साळीच्या लाह्यांचे पाणी घोटघोट घेणे, फोडणीच्या वासापासून दूर राहणे उपयोगी पडते. बहुतेकींना विसाव्या आठवड्यापर्यंत उतार पडतो. काहींना बाळंतपणापर्यंत त्रास राहतो.